बोट ठेव, मग आकडा म्हण

अगं, परवा फोनवर तू हसत बोलत होतीस, पण आवाजातली काळजी मला कळली. शेजारचं लेकरू पाहुण्यांपुढं उभं राहून वन, टू, थ्री करत पार शंभरापर्यंत जातं आणि आपली छकुली अडीच वर्षांची झाली तरी 'एक, दोन, पाच' म्हणून पळून जाते. तुला वाटतंय, आपलंच काहीतरी कमी पडतंय. दिवसभर शेत, स्वयंपाक, घरातली म्हातारी माणसं. लेकराला शिकवायला घेऊन बसायला वेळ कुठून आणायचा? मोठी बहीण म्हणून सांगते, ही काळजी आजच सोड. छकुली मागं पडलेली नाही. तिच्या त्या 'एक, दोन, पाच'मध्ये मला तर चांगली खूण दिसते. मोजायला ठरावीक शब्द असतात आणि ते एकामागून एक येतात, एवढं तिला उमगलंय. पुढचं काम गाणी करतील, आणि त्यासाठी तुला वेगळा वेळ काढावा लागणार नाही. कसं ते आज सविस्तर सांगते.

आधी शेजारच्या लेकराचं. ते शंभरापर्यंत म्हणतं, त्याचं कौतुकच करायचं. पण म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. या वयात एक-दोन-तीन ही लेकरासाठी ओवलेल्या मण्यांची माळ असते. अख्खी ओढली की सरसर येते, पण त्यातला एक मणी सुटा करून हातात घेता येत नाही. खरं-खोटं बघायचं असेल तर टोपलीभर लिंबं छकुलीपुढं ठेव आणि म्हण, 'मला एक लिंबू दे.' देईल. मग म्हण, 'दोन दे.' कदाचित देईल. 'तीन दे' म्हणालीस की दोन्ही हातांत मावतील तेवढी लिंबं तुझ्या ओटीत टाकेल आणि खुशीत तुझ्याकडं बघेल. दहापर्यंत घडाघडा म्हणणारी पोरंही असंच करतात.

कॅरन विन नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या सुमारास हाच खेळ लहान मुलांशी खेळून बघितला. त्यांना दिसलं, की मूल आधी फक्त 'एक' समजून घेतं. मग काही महिने जातात, तेव्हा 'दोन' कळतं. आणखी काही महिन्यांनी 'तीन'. असं पायरी-पायरीनं तीन-चारपर्यंत आलं की मग त्याला एकदम युक्ती सापडते, आणि पुढचे आकडे भराभर कळायला लागतात. हे होता होता लेकरू सहज साडेतीन-चार वर्षांचं होतं. म्हणजे तुझी लेक अगदी वेळेवर चाललीय. याच बाईंनी १९९२ साली पाच महिन्यांच्या बाळांना बाहुल्या दाखवल्या. एक बाहुली पडद्याआड, मग तिच्याजवळ दुसरी ठेवलेली दाखवली, आणि पडदा काढल्यावर एकच निघाली, तर बाळं जास्त वेळ टक लावून बघत राहिली. कमी-जास्तीची जाण लेकरू जन्मतःच थोडीफार घेऊन येतं. आपल्याला तिला फक्त शब्द आणि हात जोडून द्यायचे असतात.

मोजणं आपल्याला सोपं वाटतं, कारण त्यात किती गोष्टी एकदम कराव्या लागतात हे आपण विसरून गेलोय. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या दोघांनी १९७८ साली मुलांच्या मोजण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात पाच गोष्टी नीट मांडल्यात. तुला घरातल्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट, एका वस्तूला एकच आकडा. कोणती सुटायला नको, कोणती दोनदा मोजायला नको. दुसरी, आकड्यांचा क्रम ठरलेला. आज एक-दोन-तीन आणि उद्या एक-तीन-दोन असं चालत नाही. आबा विटीदांडू खेळताना वकट, लेंड, मुंड म्हणत मोजायचे, आठवतं? नावं पार वेगळी, पण क्रम पक्का, म्हणून एकाही गड्याचा हिशेब चुकायचा नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. मोजताना शेवटी जो आकडा तोंडात येतो, तोच सगळ्या वस्तूंचा मिळून असतो. चार वाट्या मोजून झाल्यावर 'किती?' विचारलं की लेकरू पुन्हा एकपासून सुरू करतं, ते याच गोष्टीपाशी अडतं. चौथी, मोजता काहीही येतं. बकऱ्या येतात, टाळ्या येतात, रात्री कुत्रं किती वेळा भुंकलं तेही येतं. आणि पाचवी, डावीकडून मोजा की उजवीकडून, उत्तर तेच येतं.

आता तू म्हणशील, एवढं सगळं अडीच वर्षांच्या पोरीला कोण शिकवणार? कोणी शिकवायचं नाही. गाणं ते करतं. गाण्यात क्रम बदलत नाही, बदलला तर चाल मोडते आणि लेकराला स्वतःलाच खटकतं. गाण्याला ठेका असतो, आणि ठेक्यावर बोट पडलं की एका ठेक्याला एक वस्तू हे आपोआप हातात बसतं. गाणं पन्नास वेळा म्हटलं तरी लेकराला कंटाळा येत नाही. उलट तेच तेच हवं असतं. आणि गाण्याची ओळ अर्धी सोडली की लेकरू उरलेला शब्द स्वतः टाकतं. त्या एका शब्दासाठी ते कान टवकारून बसलेलं असतं, आणि तो शब्द आकड्याचा असला तर तोच पाठ होतो.

यमकाचा फायदा मोजण्यापुरता राहत नाही. पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली आणि त्यांच्या सोबत्यांनी इंग्लंडमधल्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेतला. तिसऱ्या वर्षी ज्यांना बडबडगीतं जास्त येत होती, ती पुढं शब्दांतले आवाज ओळखण्यात आणि वाचण्यात पुढं निघाली, असं त्यांनी १९८९ साली लिहिलं. ज्या कानाला चाल कळते, त्याला अक्षरंही लवकर कळतात.

आणि अगं, हे काही आपल्याकडं नवीन नाही. अंगणात राज्य कोणावर हे ठरवायला आपण मुठी पुढं करून 'अरिंग मिरिंग' म्हणायचो ना? त्यात सांगण्यासारखा आकडा नाही, पण एक ठेका, एक मूठ हा नेम काटेकोर असायचा. कोणी एक मूठ गाळली तर भांडण व्हायचं. मोजण्याचा पहिला नियम आपण असा भांडून शिकलो. तळहातावर बोट टेकवून मोराला बोलवायचं, त्याला दाणा-पाणी द्यायचं आणि शेवटी भुर्र उडवायचं, ते गाणं तू छकुलीला म्हणतेसच. त्यातही एका वाक्याला एक कृती असते. जात्यावर बसल्यावर आपल्या आज्या पहिली ओवी, दुसरी ओवी, तिसरी ओवी असा क्रम लावून एकेका देवाला आणि माहेरच्या एकेका माणसाला ओवी वाहायच्या. आणि खळ्यावर धान्य मापताना म्हातारे पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, तेही लांबवत, सुरात. पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवत ठेवायचे. हिशेब चुकू नये म्हणून सूर. लिहिता-वाचता न येणारी माणसं पोत्यांची मोजदाद बिनचूक करायची ती याच सुरावर. पूर्णा आणि केळनाच्या काठावरच्या आपल्या जाफराबादेत गाणं आणि गणती कधी वेगळी नव्हतीच.

आता करायचं काय, ते सांगते. मी काही ओळी जुळवल्यात. तुला आवडल्या तर घे, नाहीतर तुझ्या तू जुळव; लेकराला कवी लागत नाही, आई लागते.

पहिलं गाणं हाताचं. जेवायला बसल्यावर म्हण:

एका बोटानं चांदोबा दावू,
दोन बोटांनी मीठ घेऊ,
तीन बोटांनी खडू धरू,
चार बोटांनी डफ वाजवू,
पाची बोटांनी घास खाऊ!

प्रत्येक ओळीला तेवढीच बोटं पुढं कर आणि थोडं थांब. छकुलीची बोटं सुरुवातीला नीट उघडणार नाहीत. तीन दाखवताना करंगळी हट्टानं वर येईल. येऊ दे. बोटं सुटी करणं हेही एक शिक्षणच आहे. पुढं पेन्सिल धरायला तेच कामाला येतं. आणि बोटांचा एक मोठा फायदा आहे, ती कुठं विसरून राहत नाहीत.

दुसरं गाणं भाकरीचं. तू भाकरी थापतेस तेव्हा ती तुझ्या मागं लोंबकळत असते, ओरडून बाहेर काढावं लागतं. तिला चुलीपासून लांब पाटावर बसव, पुढं मोकळी टोपली दे, आणि तव्यावरची भाकर तू टोपलीत टाकलीस की म्हण:

एक झाली, आबाला;
दोन झाल्या, आजीला;
तीन झाल्या, बाबाला;
चार झाल्या, आईला;
पाच झाल्या गं बाई,
परातीत पीठ नाही!

यातली खुबी बघ. प्रत्येक ओळीत आकडा एकूण भाकरींचा आहे. 'दोन झाल्या' म्हणताना टोपलीत खरोखर दोन दिसतात. मघाशी जी तिसरी, सगळ्यांत अवघड गोष्ट सांगितली, शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांचा मिळून, ती या 'झाल्या'मध्ये रोज कानावर पडते. घरात माणसं जास्त असतील तर ओळी वाढव; मामा, काकू, पाहुणे सगळे येऊ दे. आणि आईच्या वाट्याची भाकर गाण्यात ठेवायचीच, ती गाळू नको. लेकीनं हेही मोजायला शिकावं.

तिसरं गाणं उलटं मोजायचं:

पाच चिमण्या कणसावर,
दाणे टिपती भरभर;
एक उडाली भुर्रकन,
चार उरल्या कणसावर.

मग चार चिमण्या, तीन, दोन, आणि शेवटी:

एक चिमणी कणसावर,
दाणे टिपे भरभर;
तीही उडाली भुर्रकन,
कोणी नाही कणसावर!

पाच बोटं म्हणजे पाच चिमण्या. एक-एक मिटत जायची. वजाबाकी हा शब्द तिला पहिली-दुसरीत भेटेल, पण एक गेली की एक कमी होते, हे ती आत्ता हसत हसत शिकेल. आणि 'कोणी नाही' म्हणताना रिकामी मूठ दाखवायची. शून्याची पहिली ओळख तीच. ज्वारीला हुरडा आला की तिला बांधावर घेऊन जा आणि खऱ्या कणसावरच्या चिमण्या दाखव. गाण्यातली चिमणी आणि शेतातली चिमणी एकदा जुळली की ते गाणं ती जन्मात विसरत नाही.

ही गाणी तर आहेतच, पण दिवसभर आकडा कामात पेरत जा. ओट्याच्या पायऱ्या चढताना एक पाय, एक आकडा. अंघोळीला तांब्याने पाणी ओतताना एक, दोन, तीन आणि शेवटचा डोक्यावर. फ्रॉकची बटणं लावताना वरून खाली. वेचणीच्या दिवसांत ती आजीजवळ असते, तेव्हा आजीला सांग, जेवणाआधी तिच्याकडून वाट्या मांडून घ्या: 'आबांना एक, तुला एक, मला एक.' प्रत्येक माणसापुढं एक वाटी ठेवणं हे शंभर अंक पाटीवर गिरवण्यापेक्षा मोलाचं आहे. चिखलीच्या एसटीत बसलीस की खिडकीतून बैलगाड्या मोजा, तीनपर्यंतच. शेजारच्या खालानं 'एक, दो, तीन' म्हणत तिला झोका दिला तर अडवू नको. वन-टू-थ्री कानावर आलं तरी बिघडत नाही. आकड्याची समज एकच असते, शब्द कोणत्याही घरचे असोत. फक्त तुझ्याकडून तिला मराठीत ऐकू दे, कारण तू तिच्याशी सगळ्यांत जास्त बोलतेस आणि तुझी माया मराठीत आहे.

असं बोलण्यानं खरंच फरक पडतो का, हे शिकागो विद्यापीठातल्या सुसान लेव्हिन आणि त्यांच्या सोबत्यांनी तपासलं. ४४ घरांत, मूल १४ महिन्यांचं असल्यापासून ३० महिन्यांचं होईपर्यंत, अधूनमधून जाऊन त्यांनी आईबापांचं रोजचं बोलणं टिपलं. सगळ्या भेटी मिळून कुणाच्या तोंडी आकड्याचा शब्द फक्त ४ वेळा आला, तर कुणाच्या तोंडी २५७ वेळा. आणि ज्या घरांत तो जास्त आला, त्या घरातल्या मुलांना पावणेचार वर्षांच्या आसपास आकड्यांचा अर्थ जास्त चांगला कळत होता. हे २०१० साली छापून आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, डोळ्यांसमोर असलेल्या वस्तू मोजून बोललेलं सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. म्हणजे बाई, महागडं खेळणं लागत नाही, शिकवणी लागत नाही. समोरची भेंडी, समोरच्या वाट्या आणि तुझा आवाज, एवढ्यावर भागतं.

आता काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेव.

सावकाश म्हण. आपल्याला घाई असते, आणि घाईत बोट पुढं जातं, आकडा मागं राहतो. आधी बोट ठेव, मग आकडा म्हण. तिचा हात तुझ्या हातात धरून बोट टेकवलंस तर आणखी बरं.

शेवटचा आकडा पुन्हा म्हण. 'एक, दोन, तीन. तीन लिंबं!' असं म्हणताना सगळ्या लिंबांभोवती हात फिरव. हे छोटंसं हात फिरवणं फार काम करतं.

तीनपर्यंतच राहा. तीन पक्कं झाल्याशिवाय दहाच्या मागं लागू नको. गाण्यात पाच आले, दहा आले तर येऊ दे, पण वस्तू मागताना एक, दोन, तीन बास.

चुकली तर 'असं नाही' म्हणू नको. ती 'एक, दोन, पाच' म्हणाली की तू हसून बरोबर चालीत 'एक, दोन, तीन' म्हण आणि पुढं जा. बरोबर शब्द कानावर पडत राहिला की तो आपोआप बसतो. आणि पाहुण्यांपुढं उभं करून 'म्हणून दाखव' हे करूच नको. जे खेळात असतं ते परीक्षेत आणलं की लेकरू बुजतं, आणि बुजलेलं लेकरू गाणं सोडून देतं.

चिंचोके, गजगे, हरभरे, तुरीचे दाणे तीन वर्षांच्या आत तिच्या हाती देऊ नको. आपण त्यांच्यावरच खेळलो हे खरं, पण एवढासा दाणा घशात किंवा नाकात जायला क्षण लागत नाही. मोजायला लिंबं, कांदे, वाट्या, चमचे, मक्याची कणसं घे. तोंडात मावणार नाही असं काहीही चालेल.

आणि मोबाईल. मला माहीत आहे, तू सोयाबीन निवडत असतेस, पोरगी रडते, आणि आकड्यांचं गाणं लावून फोन हातात दिला की घर शांत होतं. तुला दोष देत नाही. पण एवढं ध्यानात घे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, की एक वर्षाच्या लेकराला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात एका तासाच्या वर नको, कमी असेल तेवढं चांगलं. कारण साधं आहे. मोबाईलमधलं गाणं छकुलीसाठी थांबत नाही. तिनं एक बोट उघडायला वेळ घेतला, तर ते पुढं निघून जातं. तू थांबतेस. ती चुकली की तू ओळ पुन्हा म्हणतेस, ती हसली की तूही हसतेस. शिकणं त्या थांबण्यात असतं. कधी लावलंसच तर शेजारी बस, तिच्याबरोबर म्हण, आणि बंद करून तेच गाणं बोटांवर कर.

दहाच्या पुढची घाई तर मुळीच नको. मराठी आकडे दहापर्यंत सरळ आहेत. पुढं अकरा, बारा, तेरा प्रत्येकाची नवी ओळख करून घ्यावी लागते, आणि एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस तर पुढच्या दशकाचं नाव आधीच घेऊन येतात. तुला आठवत असेल, २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचनही दिलं आणि महाराष्ट्रभर वाद झाला. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या, आणि जोडाक्षरांचे आकडे मुलांना जड जातात म्हणून ही सोय केली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वादात कोण बरोबर, ते मोठी माणसं बघतील. तू यातून एवढंच घे, की सात वर्षांच्या मुलांनाही जे आकडे अवघड जातात म्हणून एवढी चर्चा झाली, ते अडीच वर्षांच्या लेकीला आले नाहीत म्हणून तुझी झोप उडायला नको.

तीन वर्षांची झाली की तिला अंगणवाडीत घाल. नर्सरीचा गणवेश आणि टाय बघून तुझं मन तिकडं ओढ घेईल, म्हणून आधीच सांगते. अंगणवाडीला कमी समजू नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं. वस्तीवरची आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. झाडाची पानं, खडे, बिया, शिंपले, हेच त्यांचं साहित्य. गाणी, गोष्टी आणि खेळ हीच त्यांची शिकवण्याची रीत. पुढं कोसबाडच्या टेकडीवर अनुताईंनी आयुष्यभर हेच केलं. त्या दोघी आपल्यासारख्याच मराठी बायका, आणि लहान मुलाला काय लागतं ते त्यांना नेमकं कळलं होतं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झाली, तिच्यातली अंगणवाडी या विचाराच्या जवळची आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पाया मानलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे. आठवड्यातून एकदा तू स्वतः अंगणवाडीत जाऊन बस. ताईंना भाकरीचं गाणं दे, त्यांचं एखादं घरी घेऊन ये. अंगणवाडीताईंच्या डोक्यावर पोषण आहार, वजनं, नोंदी असं बरंच काम असतं. आया गाणी घेऊन आल्या तर त्यांनाही हुरूप येतो.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. मोजता न येणं काळजीचं नाही, पण दोन वर्षं उलटूनही लेकरू दोन शब्द जोडून बोलत नसेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा गाण्याला, टाळीला अजिबात दाद देत नसेल, तर 'पुढं बोलेल, घरातले सगळे उशिराच बोलले' म्हणून वाट बघत बसायचं नाही. आधी कान तपासून घ्यायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना दाखवता येतं, आणि तोपर्यंत थांबवत नसेल तर सरळ दवाखान्यात जायचं. छकुलीच्या बाबतीत असं काही नाही, ती फोनवर मला मावशी म्हणून हाक मारून स्वतःच टाळ्या वाजवते. पण तुझ्या आजूबाजूला एखादीचं लेकरू असं असेल, तर तिला हे सांग.

शेवटचं, तुझ्याबद्दल. दिवसभर राबून रात्री तू म्हणतेस, 'पोरीला आज काहीच शिकवलं नाही.' असं म्हणू नको. भाकरी थापताना पाच मोजल्यास, अंघोळीचे तीन तांबे मोजलेस, निजताना चिमण्या उडवल्यास, तर ती शिकली. आणि हे ओझं एकटीनं उचलायचं नाही. तिच्या बाबांना चिमण्यांचं गाणं शिकव. बापाच्या जाड बोटांवरच्या चिमण्या लेकरांना फार आवडतात. आबांना म्हणावं, वकट-लेंड-मुंड पुन्हा काढा, नात मोठी झाली की विटीदांडू शिकवायचाय.

या आठवड्यात फक्त भाकरीचं गाणं धर, बाकी काही नको. तेच रोज म्हण. पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा छकुलीला जवळ घे. 'तीन झाल्या' म्हणून मी थांबेन, पुढचा शब्द तिला टाकू दे.